तिवरखोलची चक्री

चक्रीतलं बदक टेंपोतून उतरवताना माझ्या हातून निसटलं आणि शाळेच्या पायरीवर आपटलं. चोचीचा नारिंगी रंग खरवडला जाऊन खालचा पत्रा दिसायला लागला.

"जरा बघून," हे टेंपोच्या फाळक्यावरून म्हणाले.

"बघूनच धरलं होतं. हातांत जोर कुठे राहिलाय आता?"

फेब्रुवारी निम्मा सरला होता आणि डिसेंबरपासून आम्ही एकही आठवडा धड घरी काढला नव्हता. शाळांची गॅदरिंगं, सोसायट्यांमधले वाढदिवस, मंडळांचे वर्धापनदिन. जिथून बोलावणं येईल तिथे टेंपो भरायचा आणि जायचं. आमच्याकडे भाड्याने द्यायच्या तीन वस्तू होत्या. जनावरांची चक्री, हवा भरून फुगवायचा जंपिंगचा किल्ला आणि रुळांवरची छोटी आगगाडी. आगगाडी त्या वर्षी बिघडून घरीच पडली होती. चक्री आणि किल्ला मात्र आम्हाला घेऊन गावोगाव हिंडत होते. माझे गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते. त्यात लेकीचं पहिलं बाळंतपण तोंडावर आलेलं. घरी राहून तिला चार घास करून घालावेत असं फार वाटायचं, पण पोरांना उचलून चक्रीत बसवायला, उतरवायला बाईमाणूस लागतंच. आया परक्या पुरुषाच्या हातात पोर देत नाहीत.

तिवरखोल खाडीकाठी होतं. शाळा गावाच्या मध्यावर, कौलारू, दोन खोल्यांची. अंगण नुकतंच सारवलेलं. यांनी मोटरचा खांब उभा केला, आमचा ड्रायव्हर महादू लोखंडी दांडे एकेक करून बसवायला लागला आणि मी जनावरं पुसायला घेतली. हत्ती, घोडा, वाघ, हरीण, मासा, मोर आणि ते बदक. बदक सगळ्यांत मोठं. त्याच्या पोटात दोन पोरं समोरासमोर बसायची.

तेवढ्यात गावकीचे अध्यक्ष आले. जयरामशेठ त्यांचं नाव. पांढरा सदरा, पायांत कोल्हापुरी वहाणा, बोलणं मऊ.

"वहिनी, चहा घेतलात?"

"घेतला. गुरुजींनी दिला."

"जेवणाचं पण सांगितलंय. आंबोळ्या आनि काळ्या वाटाण्याची उसळ. पोटभर जेवा. आमच्या गावात पावण्याला उपाशी पाठवीत नाय." मग ते जरा जवळ आले. "एकच सांगायचं होतं. रांग आमची माणसं लावतील. आमी पाठवू तीच मुलं बसवा. आपल्या मनानं कोनाला घेऊ नका."

"बरं," मी म्हटलं. यात मला काही नवल वाटलं नाही. सगळीकडेच असं असतं. चक्री लागली की शेजारच्या वाड्यांची पोरं जमतात आणि ज्यांनी वर्गणी भरलेली असते त्यांच्या पोटात दुखतं.

"शिमग्याच्या पालखीला पन तुमालाच सांगायचं चाललंय," जाता जाता ते म्हणाले. "खालच्या गावांतनी पन माझा शब्द आहे. सांगतो त्यांना."

हे खांबापाशी वाकून नट आवळत होते. त्यांनी ऐकलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. त्या मान हलवण्यात काय होतं ते मला कळलं. खाडीपट्ट्याची ती गावं मिळाली तर घाट चढून वर जायला नको होतं. सगळं काम घराजवळ. रात्री आपल्या अंथरुणावर पाठ टेकता आली असती.

कार्यक्रम दहाच्या सुमाराला सुरू झाला. स्वागतगीत झालं, भाषणं झाली. मग नागरगोजे गुरुजींनी बक्षिसं वाटली. ते बीडकडचे, अंगाने किरकोळ, चष्म्याच्या काडीला दोरा गुंडाळलेला. मुलांची नावं पुकारताना त्यांचा आवाज मात्र खणखणीत लागत होता. प्रत्येक नावाला टाळ्या पडत होत्या. मधेच एक नाव आलं, मैथिली. पिवळ्या फ्रॉकची, दोन घट्ट वेण्यांची सहा-सात वर्षांची मुलगी पुढे गेली. सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस होतं. गुरुजींनी तिच्या हातात कंपासपेटी दिली आणि टाळ्या वाजवल्या. टाळ्या त्यांच्या एकट्याच्याच वाजल्या. मी लांब चक्रीपाशी बसले होते. मला वाटलं, पोरं कंटाळली असतील, सगळा जीव आता इकडे लागला असेल.

बक्षिसं संपली आणि पोरं सुटली. एका बाजूला किल्ला फुगून उभा राहिला, त्यावर महादू होता. चक्रीच्या मोटरपाशी हे, आणि दोरीच्या फाटकापाशी मी. मग काय, नेहमीचंच. उचला, बसवा, साखळी लावा, घट्ट धरायला सांगा, फेऱ्या झाल्या की उतरवा. एकाला वाघच हवा असतो. एकजण बसल्यावर रडायला लागतो. एकीची चप्पल पडते. जनरेटरची घरघर डोक्यात जाऊन बसलेली. वर्षानुवर्षं हेच करताना एक गोष्ट होते. पोरांची तोंडं दिसेनाशी होतात, नुसत्या काखा दिसतात. हात घालायचा आणि उचलायचं.

त्यामुळेच ती पिवळ्या फ्रॉकची मुलगी कधी फाटकाशी आली ते मला कळलं नाही. रांग जरा विरळ झाली होती. रांग लावणारा माणूस पाणी प्यायला गेला होता. ती आली, हातातली कंपासपेटी तिने छातीशी धरली होती.

"मी बसू?" तिने विचारलं.

कोणतंच पोर असं विचारत नाही. मी तिच्या काखांत हात घातले, उचललं आणि बदकात ठेवलं. बाकीची जनावरं आधीच भरली होती. साखळी लावून मी मागे सरले आणि यांना हात केला.

यांचा हात बटणावर गेला, तेवढ्यात एक बाई दोरीखालून आत आली. तिने घोड्यावरचा आपला मुलगा उचलला आणि काही न बोलता बाहेर नेला. पाठोपाठ दुसरी आली. मग हत्तीवरच्या जुळ्या बहिणी आपापल्या उतरल्या. मोर रिकामा झाला, मासा झाला. कोणी आरडाओरडा केला नाही, कोणी भांडलं नाही. पाऊस आल्यावर वाळवण उचलतात तशी त्या बायांनी पटापट पोरं उचलली. वाघावरचा मुलगा मोठ्याने रडत होता. त्याला त्याच्या आजीने दंडाला धरून ओढलं.

चक्रीत ती एकटी राहिली.

"काय झालं हो?" मी यांना विचारलं. यांनाही काही कळलं नव्हतं.

जयरामशेठ आले. रागावलेले नव्हते. उलट थकल्यासारखे दिसत होते.

"वहिनी, मी सकाळीच सांगितलेलं."

"अहो, पण काय झालं? शाळेचीच मुलगी आहे ना? आत्ता बक्षीस मिळालं तिला."

"शाळेची आहे. शाळा सरकारची, तितं आमी काय बोलत नाय. पन चक्री गावकीनं आनलेली आहे. तिला उतरवा, मग बाकीची बसतील."

ते बाजूला झाले. नागरगोजे गुरुजी पायरीवरून खाली आले होते. माझ्याशेजारी उभे राहून ते दुसरीकडेच बघत हळू आवाजात बोलले.

"वाळीत टाकलंय त्यांच्या घराला. तिच्या आज्यानं देवळाच्या रस्त्याला परड्यातली जागा दिली नाही. कोर्टात गेला. तवापासून कुणी बोलत नाही त्यांच्याशी. दुकानदार सामान देईना, विहिरीवर पाणी भरू देईनात. जो बोलंल त्याला दंड."

"आणि वर्गात?"

"वर्गात बसविलंय मी. बाकावर एकटीच बसती." ते चष्मा पुसायला लागले. "मी काय करू ताई? माझं बिऱ्हाड गावातच हाय. खोली गावकीचीच."

मी पोरीकडे बघितलं. तिला हे सगळं ठाऊक असणार, तरी ती आली होती. तिला वाटलं असेल, चक्री बाहेरची, माणसं बाहेरची, यांना काय माहीत. आणि तिचं खरंच होतं, आम्हाला माहीत नव्हतं.

आता आमच्या यांच्याबद्दल सांगायला हवं. हे अबोल माणूस. कोणाशी वाद नाही, गिऱ्हाइकाला उलट शब्द नाही. पण यंत्राच्या बाबतीत यांचे काही नेम होते आणि ते मोडले की यांचं डोकं फिरायचं. जयरामशेठ पुन्हा म्हणाले, "पाटणेभाऊ, उतरवता ना?" तेव्हा हे सरळ उभे राहिले.

"चक्रीत बसलेलं पोर मी फेरी दिल्याशिवाय उतरवलेलं नाही," हे म्हणाले. "आज उतरवणार नाही."

आणि यांनी बटण दाबलं.

चक्री फिरायला लागली. रिकामा हत्ती गेला, रिकामा घोडा गेला, मग बदक आलं आणि त्यात ती. पहिल्या फेरीला ती हसत होती. दोरीच्या पलीकडे सगळं गाव उभं होतं, पोरं आणि आया, कोणी एका शब्दाने बोलत नव्हतं. दुसऱ्या फेरीला तिचं हसू कमी झालं. तिच्या वर्गातली पोरं एका ठिकाणी उभी होती. प्रत्येक फेरीला ती त्यांच्या समोरून जायची आणि ती सगळी तिच्याकडे टक लावून बघायची. पुढच्या फेरीला तिने मान खाली घातली. मग कंपासपेटी तोंडापुढे धरली.

हे ताठ उभे होते. यांना वाटत होतं आपण न्याय केला. यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, मनाने निर्मळच केलं यांनी ते. पण हे मोटरपाशी होते, पाठमोरे, आणि मला ते पोर समोरून दिसत होतं. वर्गात ती एका बाकावर एकटी बसायची. इथे आम्ही तिला उंचावर बसवून साऱ्या गावाला फिरवून दाखवत होतो.

"काका, थांबवा ना," ती म्हणाली. जनरेटरच्या आवाजात यांना ते ऐकू गेलं नाही.

"थांबवा," मी ओरडले.

चक्री थांबली. बदक बरोबर माझ्या पुढ्यात आलं. पोरगी मान वर करेना. मी साखळीला हात घातला आणि तसाच राहिला तो. साखळी काढली, तिला उतरवलं, की ती सगळ्यांच्या देखत अंगण ओलांडून जाणार. मग बाया आपापली पोरं घेऊन येणार आणि मी पुन्हा एकेकाच्या काखेत हात घालणार. दुपारपर्यंत, मग पुढच्या गावाला, शिमग्याला, पुढच्या वर्षी.

फार मोठा विचार करून मी काही केलं असं नाही. एवढंच आठवतं की एकदम खूप दमल्यासारखं झालं, आतून, हाडांतून. मी साखळी काढली, पदर खोचला, एक पाय उचलून बदकात टाकला आणि बसले.

बसले म्हणजे काय, अडकले. ते बदक लहान पोरांचं आणि मी ही अशी अंगापिंडाने भरलेली. गुडघे हनुवटीला लागले. पाय आत मावेनात, म्हणून दोन्ही पाय बदकाच्या दोन बाजूंनी बाहेर काढले. लुगडं सावरता सावरता एक चप्पल खाली पडली.

मैथिलीने कंपासपेटी खाली घेतली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"तुमी मावनार नाय यात," ती म्हणाली.

"मावले की."

"पाय भायेर हायत."

"असू देत. वारा लागतो." मग मी यांना म्हटलं, "फिरवा."

यांनी माझ्याकडे असं बघितलं की लग्नानंतर इतक्या वर्षांत तसं कधी बघितलं नव्हतं. पण बटण दाबलं. चक्री कण्हली, थोडी सरकली आणि माझ्या बाजूला कलली. दांडा खाली वाकला. हे ओरडले, "थांब, थांब! तोल जातोय. खांब वाकेल." यांनी मोटर बंद केली, खांबाला हात लावून बघितला आणि मग दोरीपलीकडच्या गावाला अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "पलीकडच्या घोड्यावर कोणीतरी मोठं माणूस बसायला पाहिजे. वजन पाहिजे समोर."

कोणी हललं नाही. बायांनी एकमेकींकडे बघितलं. महादू किल्ल्यावरून निघाला, पण त्याच्याकडे पोरं उड्या मारत होती, त्याला सोडून येता येईना.

मग नागरगोजे गुरुजी निघाले. त्यांनी चष्मा खिशात ठेवला. वहाणा काढून पायरीशी नीट जोडून ठेवल्या, देवळात जाताना ठेवतात तशा. दोरीखालून वाकून आत आले आणि घोड्यावर बसले. घोडा त्यांच्या कमरेएवढा. पाय जमिनीला टेकत होते ते त्यांनी वर उचलून धरले आणि घोड्याच्या कानांना घट्ट पकडलं.

"चालू करा," ते म्हणाले. आवाज बक्षिसं पुकारताना होता तसाच.

चक्री फिरली. हळूहळू, कण्हत, पण फिरली. मी बदकात पाय बाहेर काढून, समोर ती पोर आणि पलीकडे डोळे गच्च मिटलेले गुरुजी. त्यांना चक्कर येत असावी. एका वळणावर माझी दुसरी चप्पलही उडाली आणि लांब जाऊन पडली. तेव्हा मैथिली हसली. आधी हळूच, मग तोंडावर हात ठेवून, आणि मग तिला ते आवरेना.

ती हसली तसं दोरीपलीकडून कोणतंतरी पोर खिदळलं. "गुरुजी घोड्यावर! गुरुजी घोड्यावर!" एकाने सुरुवात केली आणि सगळीच पोरं ओरडायला लागली. आयांनी गप्प करायचा प्रयत्न केला, पण दोघी-तिघींनी स्वतःच पदर तोंडाला लावला होता. मला दिसत होतं ते. प्रत्येक फेरीला दिसत होतं.

पुष्कळ फेऱ्या झाल्या. शेवटी पोरगीच म्हणाली, "आता बास."

यांनी मोटर बंद केली. तिला आधी उतरवलं, मग मला. मला उतरवायला यांना आणि महादूला दोघांना ओढावं लागलं. मैथिली तोपर्यंत अंगणाच्या कडेला पोचली होती. तिथे फाटकाबाहेर, रस्त्यावर, तिची आई उभी होती. केव्हापासून उभी होती कोण जाणे. तिने पोरीचा हात धरला आणि एकदाही मागे न बघता दोघी निघून गेल्या.

जयरामशेठ माझ्यापाशी आले. आता त्यांचा आवाज मऊ नव्हता.

"वहिनी, हे काय केलंत?"

"पाय दुखत होते हो," मी म्हटलं. "सकाळपासून उभी आहे. बसायला जागा दिसली, बसले."

"आनि गुरुजी, तुमी?"

गुरुजी खाली बसून वहाणा घालत होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "मशीन वाकडी व्हायली होती ना शेठ," ते म्हणाले. "गरिबाचं नुकसान झालं असतं."

जयरामशेठांनी आमच्या तिघांकडे बघितलं. मला त्या घटकेला त्यांचीही दया आली. त्यांना चिडायचं होतं आणि चिडायला धड काही सापडत नव्हतं. शेवटी म्हणाले, "आवरा आता. झालं पोरांचं खेळून." अंगण तोवर रिकामं व्हायला लागलं होतं. बाया पोरांना घेऊन जेवायला निघाल्या. वाघावरचा तो मुलगा अजून रडतच होता. त्याला फेरी मिळालीच नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आंबोळ्या आम्हाला कोणी विचारल्या नाहीत. टेंपो भरला आणि निघालो. खाडीच्या पुलावर आल्यावर हे म्हणाले,

"बदकाचा दांडा वाकलाय."

"सरळ होईल ना?"

"होईल. तापवून ठोकावा लागेल."

महादू गाडी चालवत होता. घर जवळ आल्यावर हे म्हणाले, "मी नुसतंच बटण दाबलं. मला वाटलं तेवढं पुरे." यांनी माझे पाय उचलून आपल्या मांडीवर घेतले आणि घर येईपर्यंत दाबत राहिले. महादूच्या देखत. यांच्यासारख्या माणसाला ते सोपं नव्हतं.

शिमग्याचं बोलावणं आलं नाही. खालच्या गावांचंही आलं नाही. ज्यांचं ठरलेलं होतं त्यांनीही यंदा राहू दे म्हणून निरोप धाडला. दुसऱ्या एका माणसाने पनवेलहून मोठा आकाशपाळणा आणला, त्याला ती सगळी गावं मिळाली. आम्ही पुन्हा घाट चढायला लागलो. लेकीच्या बाळंतपणाला मी तिच्यापाशी नव्हते. कराडजवळच्या एका शाळेत पोरं उचलत होते तेव्हा नातू झाल्याचा फोन आला. पुढे दोन-तीन वर्षांनी गुडघ्यांनी अगदीच साथ सोडली, तेव्हा यांनी चक्री विकली. किल्लाही विकला. आता आम्ही मांडव आणि खुर्च्या भाड्याने देतो. खुर्च्यांना काखेत हात घालून उचलावं लागत नाही.

नागरगोजे गुरुजींना महिन्याभरात खोली सोडावी लागली, असं कानावर आलं. उरलेलं वर्ष त्यांनी शाळेतच मुक्काम केला आणि मग बदली झाली. त्यांचं पुढे काय झालं, माहीत नाही.

तिवरखोलचं नाव मग आम्ही घरात फारसं काढलं नाही. काढलं की माझ्या मनात एकच यायचं. गुरुजींची खोली गेली, आमची गावं गेली, आणि त्या पोरीचं? आम्ही तासाभराची माणसं, टेंपो भरून निघून आलो. मागे त्या घरावर काय बेतलं असेल?

ते कळायला बरीच वर्षं गेली. एका बाजाराच्या दिवशी दुपारी एक बाई आमच्या दुकानात आली. लग्नाचा मांडव हवा होता, दिराच्या मुलीच्या लग्नाला. गाव विचारलं तर तिवरखोल. मी तिच्याकडे निरखून बघायला लागले, ती माझ्याकडे.

"तुमी चक्रीवाल्या ना?" ती म्हणाली. "मी सुगंधा. मैथिलीची आई."

मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग विचारलंच. इतकी वर्षं अडकून राहिलेलं, ते विचारल्याशिवाय राहवेना.

"त्या दिवसानंतर तुम्हाला त्रास झाला का गं?"

ती खोटं बोलली नाही. "झाला," म्हणाली. "आदी दोन-चार बाया लपूनछपून बोलायच्या, रात्री मीठमिरची द्यायच्या. त्या पन घाबरल्या. सासऱ्यांनी मला बोल लावला, पोरीला तितं धाडलीसच कशाला म्हनून. तो उन्हाळा लय जड गेला." ती पाणी प्यायली. "मग मिटलं सगळं. सासरे वारले, ह्यांनी जागा सोडून दिली, रस्ता झाला. आता मांडवात सगळं गाव येनार आहे. जयरामशेठ पन येतील. कोन कोनाला काय विचारीत नाय."

मला जे वाटत होतं ते तसंच निघालं होतं. मांडवाचं माप विचारायचं सोडून मी नुसती पदराचं टोक पिळत राहिले.

"मैथिली कुठे असते?"

"रत्नागिरीला. कॉलेजात, हॉस्टेलावर."

"तिला आठवतं का ते?"

"आठवतं म्हंजे!" सुगंधा एकदम हसली. "सारखं सांगते. हॉस्टेलातल्या पोरींना सांगून सांगून हसवते. बाई बदकात कशी अडकली, चपला कशा उडाल्या, गुरुजी डोळे मिटून कसे बसलेले."

"आणि आधीचं? मुलं उतरली ते?"

"ते तिला आठवतच नाय." सुगंधाने मान हलवली. "मी एकदा मुद्दाम विचारलं. तर म्हनते, कोन उतरलं? ती सगळ्यांना काय सांगते म्हायत आहे? आमच्या शाळेत गॅदरिंगला चक्री यायची, त्यात मोठी मानसं बसायची आनि पोरं बघायची. शाळेचा तसा नेमच होता, असं सांगते."

हे मागच्या खोलीत चहा टाकत होते. मी त्यांना हाक मारून बाहेर बोलावलं आणि सुगंधाला म्हटलं, "हे पुन्हा एकदा सांग. यांना ऐकू दे."